तिथे गोडे पाणी कुठून आणतात?

फराळाचे डबे एकदा जागच्या जागी गेले, की दिवाळीच्या दुपारी आमच्या तेल्हाऱ्याच्या घरी ओसरीवर सतरंजी पडे आणि घरात आलेल्या एकुलत्या एका दिवाळी अंकाचे जाहीर वाचन सुरू होई. ज्याचा आवाज चांगला त्याने वाचायचे, इतरांनी ऐकायचे, असा शिरस्ता होता. कथा झाल्या, व्यंगचित्रे हातोहात फिरून आली, की प्रवासलेखाची पाळी येई. अशाच एका दुपारी कोकणातल्या एका निर्जन समुद्रकिनाऱ्यावरचा लेख वाचला गेला. लेखक मोठ्या प्रयासाने त्या किनाऱ्यावर पोचला होता. तिथे चंद्र होता, सुरूचे बन होते, लाटांची गाज होती, आणि लेखकाखेरीज दुसरे कोणीही नव्हते. वाचणाऱ्याचा आवाज शेवटी शेवटी जड झाला. पूर्णेच्या पुराखेरीज मोठे पाणी न पाहिलेली आम्ही पोरे तर त्या वाळूवर केव्हाच जाऊन बसलो होतो.

कोपऱ्यात आजी सुपात मूग पाखडीत होती. लेख संपला, सगळे क्षणभर गप्प झाले, आणि आजी सूप खाली न ठेवताच म्हणाली, “ते सगळं खरं बाप्पा, पन तथी लोकं गोडं पानी कुठून आनतेत?”

आम्ही सगळे हसलो. वाचणाऱ्याने पाने मागे-पुढे करून पाहिली. लेखात उत्तर नव्हते. “अगं, तिथे लोक नाहीतच,” असे कोणीतरी म्हणाले. आजीने मान हलवली आणि पुन्हा पाखडायला लागली. तिला ते पटलेले नव्हते, हे उघड होते.

आजीचा प्रश्न भाबडा नव्हता. आमच्या तेल्हारा तालुक्याची एक बाजू सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, दुसरी पूर्णेकडे उतरते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांना जो खारपाण पट्टा पसरला आहे, त्यात आजीचे माहेर. वर काळीभोर जमीन, पऱ्हाटी अशी की माणूस आत शिरला तर दिसू नये. पण विहीर खणावी तर पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही आणि पिणाऱ्याची तहान भागत नाही. दहिहांड्याच्या बाजूला तर अशा विहिरींच्या पाण्यापासून एके काळी मीठ काढीत असत. वान धरणाचे पाणी नळाने त्या गावांकडे गेले ते फार पुढे. आजीच्या तरुणपणी बायका गोड्या पाण्यासाठी डोक्यावर हंडा घेऊन दुसऱ्या गावच्या शिवारात जात, नाहीतर बंडीवर पिंप बांधून आणीत. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला तरी खाऱ्या पाण्याच्या कडेला राहणे म्हणजे काय, हे आमच्या ओसरीवर तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून तिने चंद्र सोडला आणि नेमका तोच प्रश्न विचारला.

मी पुढे समीक्षेची बरीच पुस्तके वाचली. परंतु प्रवासलेखाची इतकी नेमकी कसोटी मला त्यांत आढळली नाही. आज त्याच कसोटीला लावून, दुर्गम आणि एकान्त किनाऱ्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्याचा थोडा विचार करावा असे मनात आहे.

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून या अंकांनी मराठी कुटुंबाला घरबसल्या किती मुलखांतून हिंडवून आणले, याची गणती नाही. आमच्यासारख्या, समुद्रापासून दूर राहणाऱ्या वाचकांवर तर त्यांचे विशेष ऋण आहे. पण ऋण आहे म्हणूनच जबाबदारीही आहे. मुंबईचा वाचक लेखकाची बढाई चौपाटीवर जाऊन पडताळून पाहू शकतो. आम्ही काय पडताळणार? लेखक सांगेल तोच आमचा समुद्र. त्याने किनाऱ्यावर माणूस नाही म्हटले, की आमच्या लेखी तिथे माणूस नसतो.

आता निर्जन किनाऱ्याचा जो ठरीव लेख आहे, तो वाचकांच्या चांगल्या परिचयाचा असेल. त्यात वाट एका वाक्यात संपते: ‘बरीच पायपीट करून आम्ही पोचलो.’ पोचल्यावर जे पहिले विशेषण येते ते ‘अस्पर्श’. मग वाळूवर स्वतःच्याच पावलांचे ठसे, एखादा पळणारा खेकडा, मावळता सूर्य. माणूस आलाच तर एक, तोही वृद्ध, तोही कोळी, आणि तो लेखकाला सोयीचे असे एखादे गूढ वाक्य बोलून होडीकडे निघून जातो. शेवटच्या परिच्छेदात लेखक स्वतःशी बोलतो आणि परत येतो. हे सारे खोटे असते असे मी म्हणत नाही. संध्याकाळी एकट्याने समुद्रासमोर बसले असता मनात काहीतरी हलते, ते खरेच आहे, आणि ते सांगण्याची लेखकाची ओढही खरी आहे. माझी हरकत ‘निर्जन’ या शब्दाला आहे. तो किनाऱ्याचे वर्णन करतो असा आव आणतो. वास्तविक तो लेखकाच्या ओळखीपाळखीचे वर्णन करतो. ‘इथे माझ्या ओळखीचे कोणी नाही’ एवढेच त्याला म्हणायचे असते. लिहिताना मात्र ‘इथे कोणी नाही’ असे होऊन बसते.

असा एकान्त उत्तम रीतीने लिहिता येतो, याची उदाहरणे आहेत. त्यांतले एक आपल्याच शेजारचे. १८८३ साली तरुण रवीन्द्रनाथ ठाकूर कारवारला आले होते. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि त्यांचे बंधू सत्येन्द्रनाथ तिथे न्यायाधीश होते. १९१२ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘जीवनस्मृती’त रवीन्द्रनाथांनी त्या मुक्कामातल्या एका चांदण्या रात्रीची हकीकत सांगितली आहे. लहान होडीतून ते सगळे काळी नदीने वर गेले, शिवाजीच्या काळातल्या एका डोंगरी गडाच्या पायथ्याशी उतरले, एका शेतकऱ्याच्या अंगणात बसून बरोबर आणलेले जेवले, आणि परतताना नदीच्या मुखाशी होडी सोडून वाळूतून चालत घरी आले. त्या मध्यरात्रीच्या वाळूची शांतता वाचकाच्या अंगावर येते. ती येते याचे कारण, माझ्या मते, वाट पूर्ण सांगितली आहे हे होय. नदी किती वेळ लागून ओलांडली, होडी कुठे सोडली, पाय कुठून चालले, हे कळल्यावर मग येणारी शांतता आपलीही होते. ती आयती मिळत नाही.

तरीही आजीला बरोबर घेऊन वाचले, तर एवढ्या थोर लेखकाच्या पानावरही एक जागा मोकळी दिसते. ते अंगण झाडलेले, स्वच्छ होते, असे रवीन्द्रनाथ नमूद करतात. पण ते कोणी झाडले होते? रात्री अनोळखी मंडळी अंगणात येऊन जेवू लागली, तेव्हा घरातली माणसे जागी होती की निजली होती? याबद्दल अक्षर नाही. अंगणाची स्वच्छता लेखकाच्या नजरेला आली; झाडणारी आली नाही. ही काही मोठी चूक नव्हे; तेवीस वर्षेही पुरी न झालेल्या कवीच्या त्या रात्री चांदण्याने भरून गेल्या असतील तर ते समजण्यासारखे आहे. परंतु आपल्या पुढच्या लेखकांनी उचलले ते नेमके हे मोकळे अंगण. नदीची वाट त्यांनी उचलली नाही.

या लेखनावर इंग्रजी वळणाचा परिणाम आहे असे म्हणतात. त्यात तथ्य असेल. पण मग इंग्रजांच्या बेटावरचा नमुनाही नीट पाहिला पाहिजे. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा प्रांत आहे. त्याचा किनारा कड्यांचा. कड्यांच्या मधे लहान लहान वाळूच्या खोबणी. कित्येक ठिकाणी मोटार जात नाही, कड्यावरच्या पायवाटेने चालत जाऊन खाली उतरावे लागते आणि भरतीची वेळ सांभाळून परत फिरावे लागते. तिथल्या भरती-ओहोटीतला फरक, विशेषतः ब्रिस्टलच्या खाडीच्या अंगाला, जगातल्या मोठ्या फरकांपैकी आहे. २०१२ साली त्या सबंध प्रांताच्या कडेने चालण्याची सलग वाट खुली झाली. लांबी ८७० मैल, म्हणजे सुमारे १४०० किलोमीटर. अवघड किनारा गाठणे हा तिथल्या लोकांचा आवडता छंद आहे. मात्र तो छंद आहे, हे विसरू नये. ज्याला अवघड वाट नको त्याच्यासाठी सोपी वाट आहे. आजारी पडला तर इस्पितळ आहे. भरतीचे कोष्टक छापलेले मिळते. तिथली दुर्गमता पाहुणा आपखुशीने पत्करतो.

आणि त्या किनाऱ्यावरच्या उत्तम लेखकाने तरी काय केले? डिलन टॉमस या वेल्श कवीचा १९४० साली प्रसिद्ध झालेला एक कथासंग्रह आहे. त्यातल्या एका कथेत दोन तरुण शहर सोडून, काही बसने काही पायी, ‘वर्म्स हेड’ नावाच्या टोकावर जातात. ओहोटीच्या वेळीच खडकांवरून तिथे पोचता येते. जागा एकान्ताची, उन्हाची, आनंदाची. पण त्यांतल्या एकाच्या घरात आजाराने एकामागून एक माणसे गेलेली आहेत, आणि इतक्या सुंदर जागी बसल्यावर त्याला मेलेल्या भावाची आठवण आवरत नाही. तो भाऊ आता इथे असता तर, एवढेच त्याला वाटत राहते. तिकडे भरती चढत असते. तात्पर्य, तो एकान्त माणसांनी गच्च भरलेला आहे. ज्या वळणाचे अनुकरण आपण करतो म्हणतो, त्यातल्या चांगल्या कथेतही किनारा निर्जन नाहीच.

आता आपल्या घरी परत येऊ. दुर्गम कोकणकिनारा मराठीत खऱ्या अर्थाने कोणी लिहिला असेल, तर तो प्रवासलेखकांनी नव्हे, कादंबरीकारांनी. श्री. ना. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे. त्यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली. तिच्यात समुद्र आहे, सुपारीची आगरे आहेत, अवघड वाटा आहेत. पण पेंडशांना त्यांचे कौतुक सांगत बसायला सवड नाही. त्यांना सांगायचे आहे ते हे, की ज्या गावात बाहेरचा वारा सहज येत नाही, त्या गावात अण्णा खोतासारख्या एका माणसाचा शब्द केवढा जड होतो. पाणक्याच्या घरात वाढलेल्या बापूला आणि चहाचे हॉटेल चालवणाऱ्या राधेला तो शब्द मोडून उभे राहताना काय सोसावे लागते. वाट नसणे ही तिथे शोभा नाही, सत्ता आहे. गावाबाहेर जाण्याची वाट ज्याच्या हातात, गाव त्याच्या हातात.

गो. नी. दांडेकरांची गोष्ट आम्हा वऱ्हाडकरांना अधिक जवळची. कारण त्यांचा जन्म १९१६ सालचा, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. आमच्यासारखाच समुद्रापासून दूर जन्मलेला हा माणूस कोकणात गेला आणि ‘शितू’ (१९५३) व ‘पडघवली’ (१९५५) लिहून बसला. जाणता-अजाणता आपल्यावर आलेल्या वैधव्यामुळे गावाने अपशकुनी ठरवलेली शितू जेव्हा विसूच्या ओढीने तळमळते, तेव्हा खाडीचे आणि समुद्राचे पाणी केवळ देखावा म्हणून मागे उभे नसते. पुढे जागा नाही, मागे गाव आहे, असा तो कोंडमारा आहे. ‘पडघवली’त अंबूच्या तोंडून एका आडबाजूच्या गावाच्या मोडण्याची कथा येते, आणि घराघरांना कुलपे लागताना आपल्याच ओसरीला कुलूप लागल्यासारखे वाटते.

मात्र भक्तीच्या भरात दोष झाकणे ही समीक्षा नव्हे. ‘पडघवली’ वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. गाव सोडून जाणाऱ्यांविषयी तिच्यात जितकी व्यथा आहे, तितकी त्यांच्या जाण्याच्या कारणांविषयी उत्सुकता नाही. ज्याला मुंबईत गिरणीत चार पैसे मिळणार होते, ज्याला तिथे कोणी जातीवरून हाक मारणार नव्हते, त्याने गाव का सोडले हे त्याच्या तोंडून ऐकायला हवे होते. जे मागे राहिले त्यांचा शोक आपण ऐकतो, आणि तो खरा आहे. परंतु जे गेले त्यांची सुटका आपण ऐकत नाही. दुर्गम गावाची माया करणाऱ्या लेखकाला हा मोह फार. गाव दुर्गम राहिले तरच त्याचे सौंदर्य राहणार, असे त्याला वाटू लागते. मग रस्ता खलनायक होतो.

या मोहावर उतारा हवा असेल तर जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) वाचावे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा तो सगळा गोतावळा. समुद्र हाकेच्या अंतरावर. पण समुद्राकडे बघत बसायला कोणाला वेळ आहे? भांडणे आहेत, नवस आहेत, वेडेविद्रे म्हातारे आहेत, मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहणारी घरे आहेत. पाहुणा ज्याला निर्जन म्हणेल, त्याच किनाऱ्याच्या पाठीशी एवढी गर्दी आणि एवढे हसू आहे. आमच्या ओसरीवर हे पुस्तक वाचले गेले असते, तर आजीने पाण्याचा प्रश्न विचारलाच नसता. तिला विहिरीवरच्या बायकाच भेटल्या असत्या.

पुस्तकांवर एवढे बोलल्यावर स्वतः जाऊन पाहणे भाग होते. काही वर्षांपूर्वी, उन्हाळा लागण्याच्या सुमारास, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेलो. वाट एका वाक्यात संपवणार नाही, असे वर म्हणून बसलो आहे, तेव्हा सांगतो. तेल्हाऱ्याहून एस.टी.ने अकोला, अकोल्याहून रात्रीची आगगाडी, मुंबईच्या अलीकडे उतरून पुन्हा एस.टी., माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन अशी. हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडल्याला सावित्री नदीचे मुख आडवे येते. तिथे फेरीबोट आहे. मोटारी, फटफट्या, मासळीच्या पाट्या आणि माणसे एकाच फळीवर उभी राहतात आणि पलीकडे वेश्वीला उतरतात. तिथून बाणकोटच्या किल्ल्याखालून, समुद्र उजव्या हाताला ठेवून, रिक्षाने वेळास. नाना फडणविसांचे मूळ गाव ते हेच. घर सोडल्यापासून दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली होती, आणि कंबर बोलत होती.

वेळासचा किनारा प्रथम पाहिला तेव्हा ‘निर्जन’ हा शब्द माझ्याही तोंडावर आला, हे कबूल केले पाहिजे. लांबच लांब पुळण, मागे सुरू, दिवा एकही नाही. पण त्या रात्रीच कळले की तिथे दिवा नाही तो कोणी लावला नाही म्हणून नव्हे. लावू नये असे गावाने ठरवले आहे म्हणून. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे रात्री वाळूवर येतात, मागच्या पायांनी खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि परत जातात. अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि पूर्वी माणसांच्याही पोटात जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ती राखण्याचे काम हाती घेतले. राखणारा माणूस रात्री आणि पहाटे पुळण चालतो, कासविणीच्या पावलांचा माग काढतो, अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यात तितक्याच खोलीवर ठेवतो. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. ती उजेडाकडे धावतात. समुद्रावरचा उजेड त्यांना पाण्याकडे नेतो, माणसाचा दिवा उलट दिशेला. म्हणून काळोख.

म्हणजे ज्याला मी निर्जनता म्हणणार होतो, ती गावाची रात्रपाळी होती. ती शांतता कोणीतरी रोज चालून, जागून, दिवे मालवून तयार करीत होते. सकाळी टोपलीखालून सोडलेली तळहाताएवढीही नसलेली पिल्ले वाळूवरून पाण्याकडे सरकताना पाहिली. दोरीच्या अलीकडे पन्नासएक माणसे उभी होती, पोरेटोरे सुद्धा, आणि कोणी बोलत नव्हते. इतक्या माणसांत मी एवढा खरा एकान्त पूर्वी अनुभवला नव्हता.

उतरलो होतो ते एका घरी, हॉटेलात नव्हे. पाहुण्यांना घरातच ठेवण्याची तिथे पद्धत पडली आहे. घरच्या काकूंनी मोदक केले होते. जेवताना मी म्हणालो, “तुमचे गाव फार लांब हो काकू.” त्या वाढता वाढता म्हणाल्या, “लांब कोणाला? आम्हांला तुमचा अकोला लांब!” मग आजीचा प्रश्न आठवला आणि विचारून टाकला. त्यांनी मला परसात नेले. सुपारीच्या आगरात जांभ्या दगडाने बांधलेली विहीर होती. समुद्राची गाज तिथे स्पष्ट ऐकू येत होती. पोहरा सोडून त्यांनी पाणी काढले आणि ओंजळीत घातले. पाणी गोड होते. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, उपसा बेताचा ठेवला तर ते असेच गोड राहते, भसाभस उपसले तर खालचे खारे वर येते, असे त्यांच्या मुलाने समजावून सांगितले. पंप किती वेळ लावायचा याचा त्या घरात हिशेब होता. आगर जगले पाहिजे, पाहुण्यांच्या आंघोळी झाल्या पाहिजेत आणि विहीर खारी होता कामा नये.

आजी त्या वेळी हयात नव्हती. पण तिचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचे उत्तर त्या दिवाळी लेखातल्या सगळ्या चंद्रापेक्षा मोठे होते, याबद्दल मला तेव्हापासून शंका उरली नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा शब्दावरून इतका वाद कशाला? लेखकाने म्हटले निर्जन, वाचक दोन घटका सुखावला, कोणाचे काय बिघडले? बिघडते ते असे. जो किनारा निर्जन म्हणून वाचकाच्या मनात बसतो, त्या किनाऱ्यावर तो पुढे मोटार घेऊन जातो. कोणाचे अंगण नाही अशा समजुतीने बाटल्या आणि कागद टाकून येतो, शेकोटी पेटवतो, मोठ्याने गाणी लावतो. जागा निर्जन म्हटली की ती रिकामी ठरते, आणि रिकामी ठरली की विकत घेणाराही येतो. आधी शब्दाने माणसे पुसली जातात, मग दस्तऐवजाने.

आम्हा तेल्हाऱ्याच्या लोकांना हे समुद्रावर जाऊन शिकावे लागले नाही. घराच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. तिच्यापलीकडे मेळघाट. १९७३-७४ मध्ये तिथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि त्या अरण्याविषयी मराठीत पुष्कळ सुंदर लिहिले गेले. त्यांतल्या बऱ्याच लेखांत मेळघाट ‘निर्जन’ आहे. पण मेळघाट कोरकूंचा. त्या जंगलातून हलवलेली कित्येक गावे आज आमच्या तेल्हारा-अकोट भागात येऊन राहिली आहेत. वाघ राखला पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. पण ज्यांनी घरे सोडली त्यांच्या मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचावे की आपले आजोबा जिथे राहत होते ते अरण्य निर्जन होते, याला काय म्हणावे? त्या मुलांना बाजारात पाहिले, की मला निर्जन किनाऱ्यावरचे ते सगळे लेख आठवतात.

मग लेखकाने अशा जागी जाऊ नये काय? किंवा गेला तरी नाव लपवावे काय? मला तसे वाटत नाही. वेळासच्या काकूंना पाहुणे हवे आहेत. पाहुण्यांच्या पैशावर घराचे बरेच काही चालते. नाव लपवणारा लेखक बहुधा गावाचे हित पाहत नसतो. स्वतःचा एकान्त राखून ठेवत असतो. नाव सांगावे, वाटही सांगावी. पण तिच्याबरोबर दार उघडणारे माणूस सांगावे, विहीर सांगावी, तिथे रात्री दिवा का लावीत नाहीत तेही सांगावे. तेवढे सांगितल्यावर चंद्र खुशाल उगवू द्यावा. त्याला कोणाची ना नाही.

या दिवाळीतही आपल्या घरी अंक येतील, आणि त्यांतल्या एखाद्यात कोणीतरी एका अवघड, एकान्त किनाऱ्यावर जाऊन आलेला असेल. वाचा, मोठ्याने वाचा, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ऐकू जाईल असे वाचा. त्यांचे हात कामात असतील; चकलीचा सोऱ्या असेल, नाहीतर सूप असेल. लेख संपल्यावर त्या काय विचारतात तिकडे मात्र कान द्या. आम्ही हसलो होतो, ते चुकले.